एनव्हीडीए स्क्रीन रीडर: महाविद्यालयात नऊ महिने वापरल्यानंतर

दृष्टी पूर्णपणे गेल्यावर शिक्षण चालू ठेवायचे की थांबवायचे, हा प्रश्न आमच्या घरात बरेच दिवस होता. तो ज्या साधनामुळे सुटला, त्याविषयी नऊ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर लिहीत आहे. मी धुळ्यात इतिहास विषयात एम.ए. करतो. एनव्हीडीए हा विंडोज संगणकाच्या पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर आहे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला, आणि आजही तो कोणालाही विनामूल्य मिळतो. शुल्काचे पैसे हप्त्याने भरणाऱ्या माझ्यासारख्या विद्यार्थ्यासाठी ही गोष्ट किती मोठी आहे, हे वेगळे सांगायला नको.

पहिला आठवडा कठीण गेला. त्याच्यासोबत येणारा ईस्पीकचा मराठी आवाज यांत्रिक आहे, आजीने पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिने दचकून विचारले, "हाई कोन बोली राह्यनं रे?" मात्र याच आवाजाचा वेग वाढवला तरी शब्द तुटत नाहीत, आणि शेकडो पाने ऐकायची असतील तेव्हा गोडव्यापेक्षा हा गुण अधिक उपयोगी पडतो. उच्चाराच्या काही मर्यादा मात्र कायम राहतात. थोडेसे या अर्थाचा 'जरा' आणि वार्धक्य या अर्थाचा 'जरा' लिहिताना सारखेच असल्यामुळे तो दोन्ही सारखेच उच्चारतो, आणि फरक ऐकणाऱ्याने संदर्भावरून ओळखावा लागतो. मित्रांचे अहिराणीतले संदेश देवनागरीत असल्याने तो तेही वाचतो. हेल आपला नसतो, पण मजकूर कळतो.

महाविद्यालयाच्या संगणक कक्षात विद्यार्थ्यांना कोणताही प्रोग्राम बसवण्याची परवानगी नाही. त्यामुळे मी एनव्हीडीएची पोर्टेबल प्रत पेनड्राइव्हवर घेऊन जातो. ती कोणत्याही संगणकावर न बसवता चालते, परंतु विंडोज सुरू होताना पासवर्ड विचारणाऱ्या पडद्यावर ती बोलत नाही. तेथे कंट्रोल, विंडोज आणि एंटर या तीन कळा एकत्र दाबून विंडोजचाच नॅरेटर हा स्क्रीन रीडर सुरू करता येतो, हे मला तिसऱ्या महिन्यात समजले. तोपर्यंत रोज कोणाला तरी हाक मारून पासवर्ड टाकून घ्यावा लागत होता, आणि पासवर्ड दुसऱ्याला सांगावा लागणे मला मनापासून खटकत होते.

खरी अडचण नोट्सच्या फाइलींमध्ये निघाली. आमच्या एका सरांनी अनेक वर्षे कष्टाने टाइप केलेल्या नोट्स मला आनंदाने दिल्या. फाइल उघडली, तर इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गोंधळ ऐकू आला. सरांच्या पडद्यावर सर्व काही स्वच्छ मराठीत दिसत असल्यामुळे त्यांचा विश्वास बसेना. तेव्हा मी माझे हेडफोन त्यांच्या हाती दिले. दोन ओळी ऐकून ते गप्प झाले आणि म्हणाले, "तू आतापर्यंत हे ऐकत होतास?" नोट्स कृतिदेव फॉन्टमध्ये होत्या. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरच असते आणि त्यावर मराठी अक्षराचे चित्र चढवलेले असते. डोळ्यांना 'मराठी' असा शब्द दिसतो, पण फाइलमध्ये ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरे असतात, आणि एनव्हीडीए तीच वाचतो. यात दोष त्याचा नाही. फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर उपलब्ध आहेत, परंतु रफार आणि जोडाक्षरे त्यांत अनेकदा बिघडतात, म्हणून रूपांतर झालेली फाइल डोळसाने एकदा तपासावी लागते. सरांनी दोन प्रकरणे स्वतः तपासून दिली आणि तेव्हापासून ते युनिकोडमध्ये टाइप करतात. शीर्षक नुसते ठळक करून न सोडता वर्डमधील हेडिंगची शैली वापरावी, हेही त्यांनी आवर्जून शिकून घेतले. या एका सवयीमुळे मी इन्सर्ट आणि एफ ७ दाबून शीर्षकांची यादी उघडतो आणि चाळीस पानांच्या फाइलीत हवा तो भाग काही सेकंदांत गाठतो.

मोबाइलने फोटो काढून केलेल्या पीडीएफचा प्रकार याहून अवघड आहे, कारण त्यात मजकूर नसतोच, केवळ चित्र असते. इन्सर्ट आणि आर दाबल्यावर विंडोजची अक्षर ओळखण्याची सोय इंग्रजी पाने वाचून देते. मराठीसाठी मी फाइल गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडतो. छपाई स्वच्छ आणि पान सरळ असेल तर परिणाम समाधानकारक येतो, मात्र आकड्यांवर विसंबू नये. खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेल्याचे वर्ष १८१८. माझ्या प्रतीत ते १८९८ झाले होते, कारण धूसर छपाईत १ आणि ९ यांत फारसा फरक राहत नाही. चर्चासत्रात मी तेच वर्ष वाचले आणि सर्वांसमोर ते दुरुस्त झाले. त्या दिवसापासून सन आणि संख्या मी वर्गमित्राकडून ताडून घेतो. हस्तलिखित मोडी कागदपत्रांपुढे तर ही सोय थांबतेच, आणि राजवाडे संशोधन मंडळासारखी संस्था ज्या गावात आहे तेथे इतिहास शिकणाऱ्याला ही उणीव फार जाणवते.

नकाशांबाबतचा एक अनुभव मात्र मला मनापासून सांगायचा आहे. स्लाइडवर नकाशा आला की एनव्हीडीए केवळ चित्र आहे एवढेच सांगत असे. चित्रासोबत पर्यायी मजकूर लिहिण्याची जागा पॉवरपॉइंटमध्ये असते, हे मी एका मॅडमना सांगितले. पुढच्या तासाच्या स्लाइड आल्या आणि खानदेशच्या नकाशावर मला असे ऐकू आले: "तापी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. तिच्या उत्तरेला सातपुडा आहे. गिरणा, बोरी आणि पांझरा या नद्या दक्षिणेकडून येऊन तिला मिळतात." ज्या पांझरेच्या काठी मी राहतो, ती नकाशावर कोठे येते हे मला कोणाचेही बोट न धरता कळले. मॅडमना ते लिहायला दोन मिनिटे लागली असतील. मी ती स्लाइड त्या संध्याकाळी चार वेळा ऐकली.

महाविद्यालयाच्या शुल्काच्या संकेतस्थळाविषयी असे काही सांगता येत नाही. तेथे रकान्यांना लेबल जोडलेली नाहीत, त्यामुळे टॅब दाबत गेले की एकामागून एक केवळ 'एडिट, एडिट' ऐकू येते. नाव कोठे लिहायचे आणि आधार क्रमांक कोठे, हे समजत नाही. जन्मतारीख माउसनेच निवडावी लागते. शेवटी अर्ज माणूसच भरत आहे हे तपासणारा कॅप्चा येतो, तोही केवळ चित्राचा, आणि तो ओळखण्याचा दुसरा मार्ग दिलेला नाही. दोन्ही वेळा माझा अर्ज सायबर कॅफेत दुसऱ्या माणसाने भरला आणि माझी सर्व कागदपत्रे त्याच्या संगणकावर गेली. लेबल जोडणे, तारीख टाइप करू देणे, कॅप्चाऐवजी मोबाइलवर ओटीपी पाठवणे ही कामे संकेतस्थळ सांभाळणाऱ्याला अवघड नाहीत. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी या मानकात लेबल आणि कळफलक यांविषयीचे नियम २००८ पासून स्पष्ट लिहिलेले आहेत.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, आणि त्याच्या ४२ व्या कलमात इलेक्ट्रॉनिक मजकूर सुलभ स्वरूपात उपलब्ध करून देण्याचे बंधन आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. मी या दोन्हींचा उल्लेख करून प्राचार्यांच्या कार्यालयात अर्ज दिला. कार्यालयातील लिपिकाने तो आपुलकीने ऐकून घेतला आणि पोच दिली.

परीक्षेत मी अजून बहुतांशी लेखनिक घेतो. केंद्र सरकारच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान वीस मिनिटे अधिक वेळ आणि संगणकावर उत्तरे लिहिण्याचा पर्याय, दोन्ही होते. या सत्रातील एक अंतर्गत चाचणी मी विभागाच्या लॅपटॉपवर, इनस्क्रिप्ट कळफलकाने, एनव्हीडीए लावून लिहिली. एक वाक्य मनासारखे उतरले नव्हते, म्हणून मागे जाऊन ते खोडले आणि पुन्हा लिहिले. लेखनिकाला मी असे कधीच सांगू शकलो नव्हतो, कारण त्याचा वेळ वाया जाईल असे वाटत असे.

जे विद्यार्थी आता सुरुवात करणार आहेत, त्यांनी पहिला महिना केवळ कळा पाठ करण्यासाठी द्यावा आणि आवाजाचा वेग दर आठवड्याला थोडा वाढवावा. सुगम्य पुस्तकालय या २०१६ मध्ये सुरू झालेल्या ऑनलाइन ग्रंथालयाचे सदस्यत्वही घ्यावे. माझ्या अर्जावर अद्याप लेखी उत्तर आलेले नाही. पुढील सत्राचे शुल्क भरण्याची मुदत जवळ आली आहे आणि कॅप्चा अजून तसाच आहे. या आठवड्यात पोचपावतीची प्रत घेऊन मी पुन्हा कार्यालयात जाणार आहे, आणि या वेळी हेडफोन सोबत नेणार आहे.