दुकानाची वेबसाइट: कंपनी, भाड्याचं टूल की ओळखीचा मुलगा?

मावसभावाने गेल्या आठवड्यात दोन कोटेशनं माझ्यासमोर टाकली. तो आणि वहिनी बडोद्याला, वाडी भागातल्या घरूनच, दिवाळीचा फराळ आणि वर्षभर मेतकूट-भाजणी विकतात. एक कोटेशन आठ हजारांचं, दुसरं बेचाळीस हजारांचं, आणि दोन्हींत पानं पाचच. "यातला लबाड कोण, तेवढं सांग," म्हणाला.

लबाड बहुधा कोणीच नाही. पण मी या तिन्ही वाटांनी जाऊन आलोय, तेव्हा जे भोगलं ते सांगतो. आमचं बडोद्यातच, दांडिया बाजारात, हार्मोनियम-तबल्याचं दुकान आहे, दुरुस्ती जास्त आणि विक्री कमी. इथल्या गिऱ्हाइकाला आमची वेबसाइट लागत नाही. गवई मौलाबक्षांनी १८८६ साली सुरू केलेल्या संगीतशाळेची परंपरा सुरसागर तलावासमोर अजून चालू आहे, तिथली मुलं बायाची पुडी, म्हणजे डग्ग्यावरचं कातडं, फुटली की चालत येतात. साइट लागते ती बाहेरच्यांना. म्हणजे न्यू जर्सी, लेस्टर, फार तर सुरत.

आधी जो खर्च कोणाकडूनही करून घेतलात तरी टळत नाही तो. डोमेन म्हणजे साइटचा पत्ता, डॉट कॉमचं वर्षाला हजार-बाराशे, डॉट इन थोडं कमी. होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, वर्षाला तीन-चार हजार. जाहिरातीतले ९९ आणि १९९ रुपये पहिल्या वर्षापुरते किंवा तीन वर्षांचे पैसे आगाऊ भरले तरच, आणि नूतनीकरणाला तोच आकडा दुपटीवर जातो, म्हणून भाव विचारायचा तो दुसऱ्या वर्षाचा. वर १८ टक्के जीएसटी. साइट सुरक्षित असल्याचं, पत्त्याशेजारच्या कुलपाचं एसएसएल प्रमाणपत्र कोणी वेगळं दोन हजारांना लावत असेल तर मान डोलावू नका, लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या सेवेचं फुकट मिळतं आणि साध्या दुकानाला ते पुरतं.

आमची पहिली साइट अलकापुरीतल्या एका कंपनीने केली. पस्तीस हजार, आणि दुसऱ्या वर्षापासून देखभालीचे बारा हजार, ज्याला सगळे एएमसी म्हणतात. खोटं कशाला बोलू, काम देखणं होतं. त्यांचा फोटोग्राफर दुकानात आला, भात्याच्या घड्यांवर उजेड पाडून त्याने असे फोटो काढले की वडील म्हणाले, ही आपली पेटी नव्हेच. तीन आठवड्यांत साइट उभी. काही म्हटलं की उत्तर ठरलेलं, "काका, थई जशे," होऊन जाईल.

मग आम्ही लँडलाइन बंद केली.

गोष्ट एवढीशी. साइटवर जुना नंबर होता, तो काढून मोबाइल घालायचा. मी फोन केला, त्यांनी ईमेल करा म्हणून सांगितलं. ईमेलला तिकीट क्रमांक आला. दोन दिवसांनी उत्तर, की करारातले वर्षाचे दहा बदल संपलेत (आम्ही ते दिवाळीच्या पट्ट्या चढवण्या-उतरवण्यात उडवले होते), पुढच्या प्रत्येक बदलाला साडेसातशे अधिक जीएसटी, आणि चार-पाच कामाचे दिवस. पैसे देतो म्हटलं. मधे शनिवार-रविवार आला, मग कोणाची तरी सुट्टी. मी म्हटलं, पासवर्ड द्या, दहा आकडे मी बदलतो. तर म्हणे अ‍ॅडमिन लॉगिन पॉलिसीत बसत नाही, तुमच्या हातून काही बिघडलं तर?

मी रोज सुरी घेऊन पेटीतल्या सुराच्या पितळी पट्टीवरून केसाएवढं पितळ खरवडतो. हात किंचित जड पडला की सूर गेला. आणि माझ्या हातून फोन नंबर बिघडेल.

बाराव्या दिवशी एक गृहस्थ दुकानात आले. न्यू जर्सीहून पंधरा दिवसांसाठी आलेले, मुलीसाठी स्केल चेंजर, म्हणजे पट्टी बदलता येणारी पेटी हवी होती. पाच दिवस जुना नंबर फिरवत होते. शेवटी मांजलपूरच्या मेहुणीने पत्ता सांगितला. दारातूनच विचारलं, "तमे दुकान बंध करी दीधी?" तोवर त्यांनी दुसरीकडून पेटी घेऊन टाकली होती, आमच्याकडे फक्त कव्हर घ्यायला आले होते. कव्हर साडेसहाशेचं.

माझ्यापुरता कंपनीचा निकाल त्या कव्हरवर लागला. पुढे साइट हलवायला गेलो तेव्हा कळलं, डोमेनही त्यांच्याच खात्यात, त्यांच्याच ईमेलवर. डोमेन दुसरीकडे न्यायला एक कोड लागतो, तो खातेदारालाच मिळतो, आणि खातेदार मी नव्हतोच. दीड महिना गोड बोलून तो मिळवला. सगळ्याच कंपन्या अशा नसतील, हे मानतो. तुमच्या चार शाखा असतील आणि साइटकडे बघायला घरात कोणी नसेल, तर कंपनीच बरी पडेल.

मग चिडून भाड्याचं टूल घेतलं. महिना सहाशे, डोमेन पहिल्या वर्षी फुकट. तयार साच्यात फोटो ओढून टाकायचे, अक्षरं लिहायची, रात्री जेवण झाल्यावर चार बैठकांत साइट तयार. नंबर हवा तेव्हा बदला. मला आवडलं होतं, आठ महिने वापरलं. मन उतरलं ते दोन कारणांनी. एक तर साच्यातले देखणे फॉन्ट इंग्रजीपुरतेच, मराठी-गुजराती अक्षर भलत्याच वळणाचं यायचं. दुसरं, अशा बहुतेक टूलवरची साइट उचलून दुसरीकडे नेता येत नाही. भाडं थांबलं की घर गेलं. फुकटचंही तसंच. गूगलने दुकानांना प्रोफाइलबरोबर दिलेल्या फुकट वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद केल्या, आमच्या शेजारच्या फ्रेमवाल्याच्या व्हिजिटिंग कार्डावर तो पत्ता अजून छापलेला आहे.

गेली चार वर्षं साइट आहे ती एका ओळखीच्या मुलाने वर्डप्रेस या साइट बनवायच्या फुकट सॉफ्टवेअरवर केलेली. चौदा हजार घेतले. डोमेन आणि होस्टिंग मात्र मी स्वतः, माझ्या कार्डाने, माझ्या ईमेलवर घेतलं आणि त्याला फक्त आत सोडलं. मुलगा हुशार, पण मुलगाच. दुसऱ्या वर्षी त्याला पुण्याला नोकरी लागली आणि सहा आठवडे फोन उचलेना. ऐन नवरात्रात साइटवरचा फॉर्म मुका झाला, म्हणजे लोक भरत होते आणि ईमेल स्पॅममध्ये जात होते. हा फॉर्मचा जुनाच रोग आहे, होस्टिंगवरून थेट पाठवलेल्या ईमेलवर जीमेलचा विश्वास नसतो. पण किल्ल्या माझ्याकडे होत्या. सयाजीगंजातला दुसरा मुलगा आला, दुपारभर बसला, फॉर्म काढून व्हॉट्सअ‍ॅपचं बटण लावून गेला. दीड हजार. मधे मी त्याला चहा पाजला आणि काळी दोन पट्टीचा एक तबला सुरात लावून घेतला, तेवढ्यात झालंसुद्धा.

तीन वर्षांचा माझा हिशेब: कंपनी जीएसटी धरून सत्तर हजारांच्या आसपास, टूल साडेसत्तावीस, मुलगा एकोणतीस. नुसते पैसे बघाल तर टूल जिंकतं. मला वरचे ते दीड हजार महाग वाटत नाहीत, पण माझी तक्रार कशावर होती ते वर आलंच आहे, त्यामुळे माझं मत थोडं कलतं धरा.

ऑनलाइन पेमेंटबद्दल भावाने विचारलं. कोटेशन आठवरून बेचाळीसला जातं ते बरंचसं याच कलमामुळे: कार्ट म्हणजे साइटवरची खरेदीची टोपली, गेटवे म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा, आणि कुरियरची जोडणी. गेटवेवाले साधारण दोन टक्के आणि त्या दोन टक्क्यांवर जीएसटी घेतात. अठ्ठावीस हजारांच्या पेटीवर ६६० रुपये गेले. शिवाय आमच्याकडे कार्टमध्ये पेटी टाकणारा गिऱ्हाईक चार वर्षांत भेटला नाही. त्याला व्हिडिओ कॉलवर सा लावून दाखवावा लागतो, मग तो बँकेतून पैसे पाठवतो. फराळाचं वेगळं, पाव किलो चकलीला कोण फोन करत बसणार? तरी बँक खात्यातून केलेल्या यूपीआयवर २०२० च्या जानेवारीपासून दुकानदाराला एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे कापलं जाणारं शुल्क, नाही, तेव्हा ही दिवाळी व्हॉट्सअ‍ॅपचा कॅटलॉग आणि क्यूआर कोडवर काढावी, गूगलवर प्रोफाइल टाकावं, ते फुकटच आहे, आणि कार्टचं संक्रांतीनंतर बघावं, असं मी सुचवलं. एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थ विकायच्या परवान्याचा, चौदा आकडी नंबर मात्र पहिल्या दिवसापासून साइटवर घाला.

त्याने माझ्यासमोरच दोघांना फोन लावून एकच प्रश्न विचारला, डोमेन कोणाच्या नावावर घेणार. बेचाळीसवाले म्हणाले, त्याची काळजी तुम्ही करू नका. आठवाला म्हणाला, तुमच्याच ईमेलवर, दादा, ओटीपी तुम्हालाच येईल.

वहिनींचा प्रश्न वेगळाच होता: चकल्यांचे फोटो कोण काढणार? ते आठ हजारांत बसत नाही. रविवारी सकाळी गॅलरीत ऊन असताना मी माझा फोन घेऊन जाणार आहे, चकल्या मात्र ताज्या हव्यात असं सांगून ठेवलंय.