14 महिने भरलेला खोटा हप्ता : खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या एका ॲपबद्दल

माझं म्हणणं आधीच सांगते. या ॲपने माझे पैसे वाचवले नाहीत. मला हप्ता भरायची सवय मात्र लावली, आणि माझ्यासारख्या पत घालवून बसलेल्या माणसाला तीच जास्त हवी होती. पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा कुठे गेला तेही सांगते, त्यातला एक तर मी रागाने कापलाय.

मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. दिवसाला पाच-सहा पेशंट, सोबत घडीचं टेबल, मशीन, पट्ट्यांची पिशवी. इतकी वर्षं भाड्याच्या गाड्यांवर काढली. मधल्या काळात पाठीच्या दुखण्याने मीच सहा महिने आडवी झाले. फिजिओची पाठ गेली म्हणून लोक हसले, मीही हसले, पण क्रेडिट कार्डाची कंपनी हसली नाही. आधी काही महिने 'किमान रक्कम' भरत राहिले, मग तीन हप्ते सरळ चुकले. 300 पासून सुरू होणाऱ्या मोजपट्टीवर माझा क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्याची पत दाखवणारा आकडा, 582 वर येऊन बसला. याच अवस्थेत, स्वतःची गाडी घ्यायची म्हणून, हे ॲप घेतलं, वर्गणी भरून.

ॲपची पद्धत जुनीच आहे. पूर्वी घरात पगार झाला की पैसे वेगवेगळ्या पाकिटांत घालून ठेवायचे, तेच इथे पडद्यावर. नवं पाकीट उघडा, नाव द्या, दर महिन्याला किती टाकायचे ते ठरवा. सगळ्यांसारखं मीही पहिलं पाकीट 'गाडी' नावाचं उघडलं आणि महिना संपताना जे उरेल ते त्यात टाकायचं ठरवलं. दोन महिने काहीच उरलं नाही. उरेल ते टाकायचं ठरवलं की उरत नाही, हे मला या वयात ॲपकडून कळावं!

तिसऱ्या महिन्यात पाकिटाचं नाव बदलून 'खोटा हप्ता' केलं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. मी हप्त्याचं आणलं. गाडी घेतल्यावर जेवढा हप्ता बसेल तेवढी रक्कम 5 तारखेला आपोआप वेगळ्या खात्यात जायची. त्या खात्याचं कार्ड मी मुद्दाम घेतलंच नाही. आई म्हणाली, "अगं, दारात गाडी नाही आणि हप्ता कसला भरतेस?" मी म्हटलं, "गाडी आल्यावर चुकण्यापेक्षा आत्ता चुकू दे."

आणि चुकलाच. खोट्या हप्त्याच्या तिसऱ्या महिन्यात आणि मग आठव्यात. खरं कर्ज असतं तर दोन्ही वेळा दंड लागला असता आणि क्रेडिट अहवालात डाग पडला असता. इथे फक्त पाकीट लाल झालं. ते लाल पाकीट बघून दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक, माझी कमाई महिन्यागणिक बदलते, त्यामुळे हप्ता सरासरी कमाईवर ठरवून भागत नाही. गेल्या 12 महिन्यांतला सगळ्यात वाईट महिना धरावा लागतो. दोन, मी हप्त्याची तालीम करत होते, गाडीची नव्हे. गाडी हप्त्यावर चालत नाही.

मग बाकीची खोटी पाकिटं उघडली. विम्याचा बारावा भाग, सर्व्हिसिंग, टायर, पार्किंग, आणि इंधन. इंधनासाठी महिनाभर पेशंटच्या घरांमधली अंतरं लिहून काढली. दिवसाला 38 किलोमीटर, महिन्याला 24 दिवस, म्हणजे 912. शोरूममध्ये 'लिटरला 20' सांगतात, तसं धरलं तर 46 लिटर. गर्दीत खरे 15 पडतात, असं धरलं तर 61. दर महिन्याला 15 लिटरचा फरक, तोही गाडी घ्यायच्या आधीच दिसला. ॲपमध्ये भाड्याच्या गाड्यांचा खर्च या खोट्या पाकिटांसमोर मांडता येतो. हा भाग खरंच सुंदर केलाय, इथे पूर्ण गुण.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे हप्त्याचं गणकयंत्र. ते फुकटातही मिळतं, पण इथे निघालेला आकडा थेट पाकिटात जाऊन बसतो. पत चांगली असलेल्या मैत्रिणीला 9 टक्क्यांनी कर्ज मिळत होतं, मला 16 टक्के सांगितले गेले. लाखामागे 5 वर्षांचा हिशेब केला तर तिचा हप्ता 2,076 आणि माझा 2,432. तिचं व्याज 24 हजार 550, माझं जवळजवळ 46 हजार. हा पत घालवल्याचा दंड. मग मुदत खाली ओढत गेले. 3 वर्षांवर आणली तर 16 टक्क्यांनीही व्याज 26 हजार 565 वर येतं, म्हणजे तिच्या 5 वर्षांच्या जवळपास. हप्ता मात्र लाखामागे 3,516. त्या दिवशी ठरलं, व्याजदर माझ्या हातात नाही, मुदत आहे. कर्ज कमी, मुदत छोटी, आणि खोटा हप्ता याच आकड्याने भरायचा.

ॲपमध्ये 20/4/10 चा नियम आधीपासून भरलेला असतो: 20 टक्के रोख, जास्तीत जास्त 4 वर्षं, गाडीचा सगळा खर्च कमाईच्या 10 टक्क्यांत. नियम वाईट नाही, पण तो सुस्थितीतल्या माणसाचा आहे. मी 40 टक्के रोख भरले, आणि ते खोट्या हप्त्यातूनच जमले. तालीम आणि भांडवल एकाच पाकिटातून.

शोरूममधला तरुण फार गोड बोलायचा. "मॅडम, महिन्याला किती झेपेल तेवढं सांगा, बाकी मी बसवतो." त्याने 7 वर्षं बसवली. लाखामागे 1,986! मैत्रिणीपेक्षाही कमी हप्ता. मी तिथेच ॲप उघडलं. व्याज 66 हजार 841. शिवाय नव्या गाडीची किंमत पहिल्या वर्षातच चांगली उतरते, त्यामुळे लांब मुदतीत बराच काळ कर्ज जास्त आणि गाडीची किंमत कमी अशी गत होते. मधेच विकायची वेळ आली तर गाडीही जाते आणि वर पदरचे भरावे लागतात. दुसऱ्या एका ठिकाणी "फक्त 10 टक्के" म्हणाले. विचारलं, फ्लॅट की घटत्या शिलकीवर? फ्लॅट. म्हणजे कर्ज फेडत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवरच: लाखाला 5 वर्षांत 50 हजार व्याज, हप्ता 2,500. घटत्या शिलकीच्या भाषेत ते 17 टक्क्यांच्या वर जातं, माझ्या 16 पेक्षा महाग. ॲपमध्ये फ्लॅट दर टाकायची सोय नाही, हा हिशेब मी वहीत केला. अर्धा तारा तिथे गेला.

आता रागाचा तारा. ॲपमध्ये 'तुमचा स्कोअर' नावाचा एक कप्पा आहे. सुरुवातीला तो उपयोगी पडला. त्यातून काढलेल्या अहवालात मी केव्हाच फेडलेलं एक जुनं कर्ज अजून चालू दिसत होतं. लेखी तक्रार करून ते बंद करून घेतलं. कार्डाची मर्यादा मी 90 टक्के वापरत होते, ती 30 च्या खाली आणा हा सल्लाही बरोबर होता. स्कोअर काढण्याची सूत्रं ठिकठिकाणी वेगळी असतात, पण फायको या स्कोअरची सूत्रं बनवणाऱ्या कंपनीने आपल्या सूत्राचे भाग उघड सांगितलेत: 35 टक्के वजन वेळेवर परतफेडीला, 30 टक्के डोक्यावरच्या देण्याला. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश खेळ या दोन गोष्टींचा. मी बाकी काही केलं नाही. थकलेलं फेडलं, कार्ड रिकामं करत आणलं, जुनं कार्ड बंद न करता तसंच ठेवलं, आणि प्रत्येक देणं आपोआप जाईल अशी सोय केली.

पण त्याच कप्प्यात खाली 'तुमच्यासाठी खास' म्हणून रंगीत चौकोन येतात. एका संध्याकाळी, पेशंटकडून थकून आल्यावर, 'मंजुरी बघा' असं लिहिलेले चार चौकोन दाबले. बघायचंच तर होतं! ते बघणं नव्हतं, अर्ज होता. अहवालात चार चौकश्या, म्हणजे कर्ज देणाऱ्यांनी माझी पत तपासल्याच्या नोंदी, चढल्या आणि स्कोअर खाली आला. वाहनकर्जासाठी थोड्या दिवसांत केलेल्या चौकश्या फायकोच्या सूत्रात एकच धरतात (जुन्या आवृत्त्यांत 14 दिवस, नव्यांत 45), पण माझ्या चारातल्या दोन नव्या क्रेडिट कार्डांच्या निघाल्या. आपण स्वतः स्कोअर पाहिला तर तो उतरत नाही. देणाऱ्याने कर्जासाठी पाहिला की उतरू शकतो. हा फरक त्या बटणावर एका ओळीत लिहिता आला असता. ग्राहक सेवेला लिहिलं तर उत्तर आलं की अटींमध्ये आहे. असेल. ज्याची पत बिघडलीये तोच हे ॲप घेणार, आणि त्याच्याच समोर हा सापळा. माझे चार महिने यात गेले.

चौदाव्या महिन्यात स्कोअर 671 होता. छान नाही, चालण्यासारखा. दर 13 टक्क्यांवर आला. चार वर्षं वापरलेली छोटी गाडी घेतली. जुन्या गाडीच्या कर्जाला दर सहसा चढा असतो, पण कर्जच कमी असल्याने फार बोचला नाही. घेण्याआधी बाहेरच्या मेकॅनिकला दाखवली, क्लचचं काम निघालं, तेवढे पैसे कमी करून घेतले. मुदतीआधी फेडलं तर दंड किती, हे सहीच्या आधी लेखी घेतलं. पहिला खरा हप्ता 5 तारखेला गेला तेव्हा मला कळलंसुद्धा नाही.

बारीकसारीक तक्रारी: नोंद करताना कीबोर्ड रकमेवर पांघरूण घालतो. कमाई म्हणून एकच मासिक आकडा मागतात, आमच्यासारख्या रोजच्या रोज कमावणाऱ्यांनी काय लिहायचं? आणि दर रविवारी 'शाब्बास, तुम्ही ध्येयाच्या जवळ आहात!' असा संदेश येतो, पाकीट लाल असलं तरी.

पगारदार असाल, शिस्त आधीच असेल, तर वर्गणी भरू नका, वही पुरते. कमाई वरखाली होत असेल आणि हप्ता चुकल्याचा चटका बसलेला असेल तर एक वर्ष घ्या, पण तो रंगीत चौकोनांचा कप्पा सेटिंगमधून लपवून टाका. 'सूचना' मध्ये नाही, 'मुखपृष्ठाची मांडणी' मध्ये आहे, मला सापडायला महिना लागला.

माझी वर्गणी पुढच्या महिन्यात संपतेय. 14 महिन्यांची पाकिटं बाहेर काढायला गेले तर तक्ता मिळत नाही, नुसतं चित्र मिळतं. त्यामुळे आत्ता रोज रात्री दोन-दोन महिने वहीत उतरवतेय. आठव्यापर्यंत आलेय, तो लाल आहे.