कुत्र्याचा विमा: दाखल झालेल्याला पैसे, सलाईन लावून घरी आलेल्याला नाहीत

कुत्र्याचा विमा घ्यावा का, हे ठरवताना लोक आधी प्रीमियमची तुलना करतात. त्याआधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: तुमच्याकडे कुत्रा रात्रभर दाखल करून ठेवता येतो का? उत्तर ‘नाही’ असेल तर साध्या, मूळ पॉलिसीचा अर्धा उपयोग तिथेच संपला.

कारण सरळ आहे. आपल्याकडे खासगी कंपन्या विकतात त्या पॉलिसींचा गाभा म्हणजे शस्त्रक्रिया आणि रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च. महाराष्ट्रातल्या बहुतेक क्लिनिकांत मात्र उपचाराची पद्धत वेगळी असते. सकाळी येऊन दोन तास सलाईन, संध्याकाळी परत एक इंजेक्शन, रात्री कुत्रा घरी, असं चार-पाच दिवस चालतं. कुत्रा मरणाच्या दारात असला तरी कंपनीच्या लेखी ही ओपीडी, म्हणजे दाखल न होता घेतलेले उपचार. दाखल होण्याच्या व्याख्येत किमान तासांची अट आहे का, हे पॉलिसीच्या शब्दांकनात शोधा. जाहिरातीच्या पानावर ती अट दिसणार नाही.

गोचीड तापाचंच घ्या. एर्लिकिया हा गोचिडांतून येणारा जंतू असेल तर रक्ततपासणी, घसरलेल्या प्लेटलेट मोजायला पुन्हा पुन्हा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि साधारण २८ दिवस डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या. बबेसिया या दुसऱ्या जंतूच्या काही प्रकारांत इमिडोकार्बची दोन इंजेक्शनं, मध्ये दोन आठवड्यांचं अंतर. हा सगळा खर्च ओपीडीतला. रक्त चढवायची वेळ आली तरच कुत्रा दाखल होतो. वर, गोचिडांचा बंदोबस्त ही मालकाची जबाबदारी असं लिहून काही पॉलिसी हा आजार वगळतात किंवा त्यावर वेगळी मर्यादा घालतात. म्हणून ओपीडीचं जोड-संरक्षण घेताना तीन गोष्टी तपासा: वर्षाची एकूण रक्कम, एका भेटीची कमाल रक्कम आणि तपासण्या त्यात धरल्या आहेत का. एका भेटीची मर्यादा डॉक्टरांची फी भागेल एवढीच असेल आणि लॅबचं बिल बाहेर राहत असेल, तर त्या जोडाला अर्थ नाही.

बाजारात ‘कुत्र्याचा विमा’ या नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली, न्यू इंडियासारख्या सरकारी कंपन्यांची जुनी पॉलिसी. ती गाई-म्हशींच्या विम्याच्या चालीवर बेतलेली आहे; कुत्रा दगावला तर त्याची किंमत मिळते, हा तिचा मुख्य भाग. महागडं पिल्लू विकत घेणाऱ्याला ती उपयोगाची. दत्तक घेतलेल्या गावठी कुत्र्याच्या खरेदीची पावतीच नसते, मग किंमत लावणार कशी? दुसरी वस्तू खासगी कंपन्यांची. बजाजने ऑगस्ट २०२० मध्ये कुत्र्यांसाठी पॉलिसी आणली: शस्त्रक्रिया आणि रुग्णालयाचा खर्च हे मूळ संरक्षण, मृत्यू, गंभीर आजार, ओपीडी, चोरी किंवा हरवणं, तिसऱ्या व्यक्तीची नुकसानभरपाई हे पर्याय वरून जोडायचे. देशी आणि संकरित कुत्रेही त्यात बसतात, ही जमेची बाजू. एचडीएफसी एर्गो, डिजिट वगैरेंचीही उत्पादनं आहेत. तिसरी वस्तू म्हणजे क्लिनिक किंवा ॲपवाल्यांचा ‘वार्षिक हेल्थ प्लॅन’. लसी, जंतनाशक आणि दोन-चार तपासण्या आगाऊ पैसे भरून स्वस्तात मिळतात. चांगला सौदा असू शकतो, पण विमा नव्हे. कागदावर विमा कंपनीचं नाव आणि यूआयएन (विमा उत्पादनाचा नोंदणी) क्रमांक नसेल तर मोठ्या आजारात त्यातून दमडी मिळणार नाही.

मूळ पॉलिसी खरी कामाला येते ती पोट उघडावं लागतं तेव्हा. आमरसाच्या दिवसांत गिळलेली कोय, मक्याचं बुरकूंड, मोजा: आतड्यात अडकलं की शस्त्रक्रियेला पर्याय नसतो. जर्मन शेफर्ड आणि ग्रेट डेनमध्ये पोट फुगून पीळ बसतो, तेव्हा हातात काही तासच असतात. लॅब्राडोरच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला तर प्लेट बसवण्याचा खर्च मोठा. कोकणात आणि शेतावर राहणाऱ्या कुत्र्यांना घोणस चावण्याचा धोका असतो. विषप्रतिबंधक लसीच्या किती कुप्या लागतील हे आधी सांगता येत नाही. साप चावणं, गाडीखाली येणं हे अपघात, त्यामुळे त्यांना सहसा आजारासारखा प्रतीक्षा काळ (पॉलिसी घेतल्यावर क्लेम न मिळणारे सुरुवातीचे दिवस) नसतो. आजारांसाठी तो साधारण १५ ते ३० दिवस असतो आणि त्या काळात दिसलेलं लक्षण पुढे ‘आधीचा आजार’ म्हणून वगळलं जाऊ शकतं. पिल्लू खरूज घेऊन घरी आलं असेल, तर त्वचेच्या तक्रारींवर या पॉलिसीतून फारशी आशा ठेवू नका.

मादी कुत्रीच्या बाबतीत एक बारकावा. नसबंदी ऐच्छिक म्हणून वगळलेली असते. पण माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांत गर्भाशयात पू झाला तर जी शस्त्रक्रिया करतात, तीही अंडाशय आणि गर्भाशय काढण्याचीच. डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टरांनी नुसतं ‘स्पे’ (मादीची नसबंदी) लिहिलं तर क्लेम नाकारायला कंपनीला कारण मिळतं. निदान म्हणून ‘पायोमेट्रा’, सोबत सोनोग्राफीचा अहवाल आणि पांढऱ्या पेशींचा आकडा असला पाहिजे. तसंच नितंबाच्या सांध्याचं: हिप डिस्प्लेसिया अनुवांशिक आजारांच्या यादीत घालून अनेकदा वगळतात, आणि लॅब किंवा शेफर्ड घेणाऱ्याला नेमकी त्याचीच भीती असते. ही यादी वाचल्याशिवाय सही करू नये. पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टो यांसारख्या लसीने टळणाऱ्या आजारांचा क्लेम लसीकरण वेळेवर झालेलं असेल तरच उभा राहतो. बूस्टर चुकलं की तो दरवाजा बंद.

आता हिशेब. समजा शस्त्रक्रियेचं एकूण बिल ४२,००० रुपये झालं. त्यातल्या दाखल होण्याआधीच्या तपासण्या ४,५००, खास आहार आणि गळ्यातली कॉलर १,५००, घरी आल्यावरची ड्रेसिंगं २,०००. हे ८,००० मूळ पॉलिसीत बसत नाहीत असं धरू. उरले ३४,०००. त्यातून २,००० सक्तीची वजावट (दर क्लेमला आधी तुम्ही सोसायची रक्कम), राहिले ३२,०००. त्यावर २० टक्के को-पे, म्हणजे उरलेल्या खर्चातला तुमचा वाटा, ६,४००. हातात २५,६००, बिलाच्या सुमारे ६१ टक्के. (को-पे आधी लावून वजावट नंतर केली तर २५,२०० मिळतात, क्रम कोणता, हेही शब्दांकनात लिहिलेलं असतं.) त्यात ‘एका शस्त्रक्रियेला विमा रकमेच्या ३० टक्के’ अशी पोटमर्यादा निघाली, तर ५०,००० च्या पॉलिसीतून १५,००० च्या वर काहीच नाही. म्हणून छापील विमा रकमेकडे बघू नका. एका शस्त्रक्रियेला प्रत्यक्ष मिळू शकणारी कमाल रक्कम काढा आणि तिला वर्षाच्या प्रीमियमने भागा. उत्तर १० च्या खाली आलं तर आमच्या मते ती पॉलिसी घेऊ नये.

पैसे बहुतेक वेळा आधी तुम्हीच भरायचे आणि मागाहून परत मागायचे. विमा असला तरी हाताशी रोकड लागतेच.

क्लेम फेटाळले जातात ते बहुतांशी कागदांवरून. क्लिनिकचं बिल लेटरहेडवर ‘उपचार: ८,५०० रु.’ एवढंच असतं, क्रमांक नसतो. तसं चालत नाही. औषध, तपासणी, भूल, शस्त्रक्रिया अशी फोड, बिल क्रमांक, तारीख आणि डॉक्टरांचा पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक मागून घ्या. यूपीआयचा स्क्रीनशॉट हे बिल नव्हे. बरीचशी औषधं माणसांच्या मेडिकलमधून येतात आणि पावतीवर नाव मालकाचं पडतं. तिथे कुत्र्याचं नाव आणि डॉक्टरांचं नाव आवर्जून घालायला सांगा. क्लेमची सूचना कंपनीला किती तासांत द्यायची तेही आधी पाहा. शस्त्रक्रिया ठरल्याबरोबर ईमेल टाकलेला बरा.

हाच कुत्रा विमा उतरवलेला कुत्रा आहे, हे सिद्ध करणं ही दुसरी अडचण. काळे लॅब्राडोर फोटोत सगळे सारखेच. त्यासाठी तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप खांद्यांच्या मधोमध कातडीखाली बसवून घ्या. तिचा १५ आकडी क्रमांक पॉलिसीवर, लसीच्या कार्डावर आणि प्रत्येक बिलावर आला पाहिजे. बजाजच्या पॉलिसीत अशा चिपसाठी प्रीमियममध्ये ५ टक्के सूटही आहे. चिपमध्ये जीपीएस नसतं. हरवलेला कुत्रा ती शोधून देत नाही, सापडलेला कुणाचा हे सांगते.

चोरी-हरवण्याचं संरक्षण वगळलं तरी चालेल. तिसऱ्या व्यक्तीची भरपाई मात्र सोसायटीत राहणाऱ्यांनी घ्यावी. लिफ्टमध्ये कुणाला चावा बसला तर भरपाईची मागणी वैद्यकीय बिलापुरती थांबेलच असं नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तो दंड विमा भरत नाही.

मग घ्यायचा कुणी? लॅब्राडोर, शेफर्ड, रॉटवायलर, पग यांचं वर्षाच्या आतलं, निरोगी पिल्लू आहे आणि आसपास दाखल करून घेणारी खासगी रुग्णालयं आहेत, असं असेल तर घ्या, आणि आजाराची पहिली नोंद फाइलवर येण्याआधी घ्या. पाच-सहा वर्षांच्या कुत्र्यासाठी आकडे सहसा जुळत नाहीत. चार वर्षांची देशी कुत्री, नसबंदी झालेली, आणि घर परळचं बैलघोडा हॉस्पिटल किंवा मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या टप्प्यात असेल, तर महिना १,००० रुपयांचं आरडी बरं. पाच वर्षांत ६०,००० आणि वर व्याज, आणि गोचीड तापालाही वापरता येतं.

क्लेम अडला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. आणि नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. खंड पडला तर प्रतीक्षा काळ नव्याने सुरू होऊ शकतो आणि गेल्या वर्षी ज्या कानासाठी क्लेम मिळाला, तोच कान या वर्षी ‘आधीचा आजार’ म्हणून वगळला जाऊ शकतो.