खांद्यातली पॉलिस्टरची पट्टी: शरीर तिला कितपत सामावून घेतं?

पावसात घोडबंदर रोडवर दुचाकी घसरली की माणूस बऱ्याचदा खांद्यावरच आपटतो. कॉलरबोनला (गळ्याजवळच्या आडव्या हाडाला) खांद्याशी बांधून ठेवणारे पट्टे, म्हणजे लिगामेंट, तुटतात आणि कॉलरबोनचं बाहेरचं टोक कातडीखाली वर आलेलं दिसतं. डॉक्टर वापरतात त्या रॉकवुडच्या वर्गवारीत या दुखापतीचे 6 प्रकार आहेत. पहिल्या दोघांना ऑपरेशन लागत नाही, तिसऱ्यात आधी फिजिओथेरपी करून बघावी. पाचवा प्रकार, किंवा महिनोन् महिने दुखत राहिलेला तिसरा, अशा वेळी सर्जिलिग या पॉलिस्टरच्या पट्टीचा विचार होतो; ती तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवतात. हीच पट्टी पुढे लॉकडाउन या नावाने विकली जाऊ लागली.

वस्तू साधी आहे. पॉलिस्टरची विणलेली पट्टी, टोकांना फासे. ती कोरॅकॉइड हाडाच्या (खांद्याच्या पात्याच्या पुढे आलेल्या टोकाच्या) बुडाखालून घालतात, एका फाशातून दुसरं टोक ओवून घेतात, कॉलरबोनच्या मागून वर आणतात आणि पुढच्या बाजूला स्क्रू-वॉशरने पक्की करतात. कॉलरबोन दाबून धरणारी धातूची हुक प्लेट काही महिन्यांनी काढावी लागते, तसं दुसरं ऑपरेशन इथे ठरलेलं नसतं. हा तिचा मोठा गुण. पण दुखापत 3 आठवड्यांच्या आतली असेल तर फाटलेले लिगामेंट जुळण्याची संधी असते. तिथे दोरा-बटणाची पद्धत (धातूच्या छोट्या बटणांना बांधलेल्या मजबूत दोऱ्याने हाड जागेवर धरणं) आधी विचारावी.

‘शरीर पट्टीला आपलंसं करतं’ हे विक्रेत्यांचं वाक्य अर्धंच खरं आहे. पट्टी आत गेली की तिच्यावर रक्तातली प्रथिनं बसतात, मग परक्या वस्तू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी येतात. पॉलिस्टर त्यांना पचत नाही, म्हणून त्या एकमेकींत मिसळून मोठ्या, अनेक केंद्रकांच्या पेशी बनतात आणि धाग्यांना चिकटून राहतात. काही आठवड्यांत फायब्रोब्लास्ट, म्हणजे तंतू बनवणाऱ्या पेशी, धाग्यांच्या जुडग्यांमध्ये शिरून कोलॅजन (प्रथिनाचे तंतू) टाकतात. ताण ज्या दिशेने, तंतू त्या दिशेने. काढलेल्या पट्टीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर जुडग्यांभोवती दाट तंतू दिसतात. घट्ट विणीच्या गाभ्यात मात्र ते तुरळक असू शकतात. म्हणजे तयार होतो तो व्रण, मूळ लिगामेंट नव्हे. पॉलिस्टर विरघळत नाही, भाराचा वाटा ते कायम उचलत राहतं.

1980च्या दशकात गुडघ्यात कार्बन फायबर आणि गोअर-टेक्सच्या कृत्रिम लिगामेंटनी हात पोळले होते. तुटलेले कण सांध्यात पडायचे आणि आतलं अस्तर सुजायचं. इथे पट्टी सांध्याबाहेर, रक्तपुरवठा असलेल्या मऊ भागात असते, म्हणून तो त्रास कमी. पण हात वर नेताना कॉलरबोन स्वतःभोवती फिरतं. पट्टी सैल राहिली तर ती हाडावर घासते, कण सुटतात, मॅक्रोफेज चिडतात आणि हाड खाणाऱ्या पेशी कामाला लागतात. मग हाडाला खाच पडते.

एक्स-रेत पॉलिस्टर दिसत नाही, दिसतो फक्त स्क्रू. म्हणून झांका व्ह्यू मागावा: एक्स-रेची नळी 10 ते 15 अंश वर कललेली आणि दोन्ही खांदे एकाच पद्धतीने काढलेले. कोरॅकॉइड आणि कॉलरबोनमधलं अंतर दर वेळी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवायला सांगावं. स्क्रूभोवती काळी कड रुंदावत गेली तर सर्जनला दाखवायला थांबू नये.

सगळ्यात फसवा प्रकार क्युटीबॅक्टेरियम ॲक्नेस या जंतूच्या संसर्गाचा. ताप नाही, लाली नाही, नुसता खांदा दुखतो आणि आखडतो. नेहमीच्या कल्चरमध्ये (लॅबमध्ये जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत) ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट येतो, कारण हा जंतू सावकाश वाढतो. नमुने अनेक घ्यावेत आणि 14 दिवस ठेवायला लॅबला आधीच कळवावं. विणीत जंतू दडले की नुसत्या अँटिबायोटिकने भागणं कठीण, पट्टी काढावीच लागते. व्रण जाड झाला असेल तर कॉलरबोन त्यानंतरही बऱ्यापैकी जागेवर राहू शकतं.

साधारण 4 ते 6 आठवडे हात झोळीत. या काळात ठाणे-वाशी लोकलमध्ये वरची कडी त्या हाताने धरायची नाही आणि सॅकचा पट्टाही त्या खांद्यावर नको, खाली स्क्रूचं डोकं टोचतं. जड वजन 3 महिन्यांनंतर, कबड्डी सर्जनने हिरवा कंदील दाखवल्यावरच.

बिल भरताना पाकिटावरचं स्टिकर फाइलमध्ये चिकटवून घ्या: बॅच नंबर, मुदत, एमआरपी. पुढे पट्टी काढायची वेळ आली तर सर्जन पहिल्यांदा तेच मागतो.