गुण तिघांचे, निकाल सरासरीचा : पुण्यातील एका ऑनलाइन छायाचित्र स्पर्धेविषयी

गेले चौदा महिने मी पुण्यातून चालवल्या जाणाऱ्या एका ऑनलाइन हौशी छायाचित्र स्पर्धेत नेमाने प्रवेशिका पाठवीत आहे. आयोजकांचे नाव येथे देत नाही, कारण त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही आणि जे खटकले ते त्यांच्यापुरतेच आहे असेही नाही. दर महिन्याला एक विषय जाहीर होतो, एका छायाचित्रास १५० रुपये शुल्क पडते, वर्षाचे सभासदत्व १,२०० रुपयांत मिळते, तीन परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि पुढील महिन्याच्या दहा तारखेला पहिल्या वीस छायाचित्रांचा गुणतक्ता प्रसिद्ध होतो. पहिल्या तिघांना रोख बक्षीस असते, उरलेल्या सतरा जणांना प्रशस्तिपत्राची पीडीएफ. अपलोड करताना कधी अडचण आली नाही, पावती लगेच येते, निकालाची तारीख एकदाही चुकलेली नाही. पुण्यात एवढी वक्तशीर सेवा मिळाली तर तिचे कौतुक आधी करायला हवे, म्हणून ते आधी केले. यापुढील सर्व मजकूर परीक्षणाविषयी आहे, कारण आपण पैसे मोजतो ते त्यासाठीच.

‘एकांत’ हा विषय असलेल्या महिन्यात आमच्या गटात पहिल्यांदा खरा वाद झाला. आम्ही सहा-सात जण रविवारी सकाळी कॅमेरे घेऊन पेठांमधून हिंडतो आणि नंतर अमृततुल्यात बसून एकमेकांच्या छायाचित्रांची चिरफाड करतो. गटातील एका मैत्रिणीने कसबा पेठेतील जुन्या वाड्याच्या खिडकीत बसलेल्या आजींचे कृष्णधवल छायाचित्र पाठवले होते. चौकटीचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग काळा, आणि उजव्या कोपऱ्यात गालावर पडलेली उन्हाची एकच तिरीप. त्याला परीक्षकांनी अनुक्रमे ५, ४ आणि ९ गुण दिले, म्हणजे एकूण १८. जोडप्यांनी गजबजलेल्या झेड ब्रिजवर एकट्याच बसलेल्या तरुणाच्या छायाचित्रालाही (हे दृश्य तिथे मिळणे हीच मुळात दुर्मीळ गोष्ट, हे मान्य) ६, ६, ६ असे १८ गुण पडले. बरोबरी झाल्यास जे छायाचित्र आधी अपलोड झाले ते वरचे, असा नियम असल्यामुळे तिसरे बक्षीस झेड ब्रिजला गेले. पहिला क्रमांक मिळाला सिंहगडावरील धुक्यातल्या एकाकी झाडाला, ७, ७, ६ अशा वीस गुणांनी.

मैत्रिणीचे म्हणणे साधे होते. बक्षीस गेल्याचे तिला वाईट वाटले, पण तेवढ्यावर ती थांबली नाही. एकाला नऊ गुणांचे जे दिसले ते दुसऱ्याला चार गुणांपुरतेच का दिसले, हे तिला जाणून घ्यायचे होते. गुणतक्त्यात मात्र ‘परीक्षक १, २, ३’ एवढाच उल्लेख असतो आणि अभिप्रायाच्या जागी ‘रचना’, ‘प्रकाश’, ‘परिणाम’ या तीन चौकटींपैकी एकीवर खूण असते. चार गुण देणाऱ्याने ‘प्रकाश’ या चौकटीत खूण केली होती. नऊ गुण देणाऱ्यानेही तिथेच केली होती. ती खूण गुण दिल्याची की गुण कापल्याची, याचा खुलासा नियमावलीत कुठेही नाही.

त्यानंतर मी तक्ते जरा बारकाईने पाहू लागलो. तीन परीक्षकांच्या गुणांची बेरीज करून निकाल लावला की कोणालाच न खटकणारे छायाचित्र वर जाते, आणि एखाद्याला अतिशय भावलेले पण दुसऱ्याला मुळीच न रुचलेले छायाचित्र खाली राहते. ७, ६, ६ मिळवणारे छायाचित्र १०, ४, ४ मिळवणाऱ्याच्या पुढे जाते. बेरजेत चूक काहीच नाही, परंतु चौदा महिन्यांचे विजेते एका ओळीत लावून पाहिले तर धुके, प्रतिबिंब, उडणारा एकच पक्षी आणि पाठमोरा माणूस यांच्यापलीकडे फारसे काही सापडत नाही. परीक्षकांना हेच आवडते असे मी म्हणणार नाही. तिघांनाही जे चालते ते हे आहे, आणि स्पर्धक दोन-तीन महिन्यांत तसे काढायला शिकतात. मीही शिकलो, माझे पहिले प्रशस्तिपत्र पाषाण तलावातील प्रतिबिंबाचे आहे.

दुसरी गोष्ट सहज लक्षात येत नाही. सलग चार महिन्यांचे तक्ते मी एक्सेलमध्ये उतरवून घेतले, तेव्हा असे दिसले की परीक्षक १ यांचे सगळे गुण ५ ते ७ याच पट्ट्यात आहेत आणि परीक्षक ३ यांचे गुण ३ पासून १० पर्यंत पसरलेले आहेत. अशा वेळी कागदावर तिघांचे मत समसमान असले, तरी निकाल ज्याचे गुण पसरलेले आहेत तोच ठरवतो. पहिल्याने सर्वांनाच सहा दिले तर त्याने कोणालाही वर ढकलले नाही आणि खालीही ओढले नाही. या चारही महिन्यांत पहिल्या पाचांचा अंतिम क्रम हा परीक्षक ३ यांच्या क्रमाशी एखाददुसऱ्या जागेच्या फरकाने जुळत होता. म्हणजे तिघांच्या नावाने निघालेला निकाल व्यवहारात एकाचाच होता, आणि यात कोणाचीही लबाडी नाही. यावर उपाय अवघड नाही. परीक्षकांकडून गुणांऐवजी क्रम मागावा, किंवा प्रत्येकाचे गुण त्याच्याच सरासरीपासून किती वर-खाली आहेत आणि त्याच्या गुणांचा पसारा केवढा आहे, हे हिशेबात घेऊन मग बेरीज करावी. एक्सेलमध्ये हे दहा मिनिटांचे काम आहे.

गटात कोणी तरी जलतरणातील सूर मारण्याच्या स्पर्धांचा दाखला दिला. तिथे सात पंच असतील तर सर्वाधिक दोन आणि सर्वांत कमी दोन गुण वगळतात, उरलेल्या तिघांच्या गुणांची बेरीज घेतात आणि तिला उडीच्या काठिण्याने गुणतात. पण ही पद्धत पंचाचा पक्षपात किंवा चूक बाजूला काढण्यासाठी आहे. उडी कशी असावी याबद्दल त्या सातही जणांचे आधीच एकमत असते. एकांत कसा दिसावा याबद्दल तसे एकमत नसते. तिथली कात्री इथे आणली तर आजींच्या छायाचित्राचे नऊ गुण सर्वांत आधी कापले जातील, आणि आमच्या मते त्या तक्त्यात लक्ष देण्याजोगा आकडा तेवढा एकच होता.

आमच्या गटातील ज्येष्ठ सदस्य, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात आणि ज्यांची उमेदीची वर्षे स्टुडिओच्या डार्करूममध्ये गेली, त्यांना हा सगळा ऊहापोहच अनाठायी वाटतो. ते म्हणाले, “शुल्क भरलेत म्हणजे परीक्षकाचा डोळा महिनाभर भाड्याने घेतलात. तो तुमच्यासारखाच बघेल अशी हमी कोणी दिली होती?” हे मला निम्मे पटते. परीक्षण व्यक्तिनिष्ठ असते ही माझी तक्रार नाहीच. ते व्यक्तिनिष्ठ नसते तर हे काम संगणकावर सोपवता आले असते. मी पैसे भरतो ते कोणा जाणत्या माणसाचे मत ऐकायला मिळावे म्हणून. ते मत तयार झालेले असते, आणि ही सेवा ते माझ्यापर्यंत पोचवण्याऐवजी बेरजेत विरघळवून टाकते.

जगभरातील हौशी छायाचित्रकारांनी या अनिश्चिततेशी जुळवून घेण्याची एक जुनी रीत काढलेली आहे. १९५० साली स्थापन झालेल्या फियाप या छायाचित्रकलेच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे किताब एका सलोनच्या, म्हणजे स्पर्धात्मक प्रदर्शनाच्या, निकालावर दिले जात नाहीत. अनेक देशांतील अनेक सलोनमध्ये छायाचित्रे स्वीकारली जाऊन त्या स्वीकृतींची ठरावीक संख्या भरावी लागते. एका सलोनने परत पाठवलेले छायाचित्र दुसऱ्या सलोनमध्ये पदक मिळवते, हा तिथे रोजचा अनुभव आहे आणि त्याने कोणी दचकत नाही. एका परीक्षक मंडळाचे मत हे एकच मत आहे, हे त्या रचनेत गृहीत धरलेले आहे. आमच्या मासिक स्पर्धेत मात्र वर्षाअखेरीस बारा निकालांची बेरीज करून ‘वर्षातील सर्वोत्तम छायाचित्रकार’ ठरतो, आणि तिन्ही परीक्षक वर्षभर तेच असतात.

येथे दोन प्रकारचे वाद वेगळे काढायला हवेत, कारण आयोजक ते एकत्र करतात. ‘निसर्ग’ या विषयाच्या महिन्यात पुण्याजवळ कवडी पाटला नदीवर काढलेल्या शेकाट्या या पाणपक्ष्याच्या छायाचित्रातून पाण्यावरची प्लॅस्टिकची पिशवी संपादनात पुसली म्हणून आमच्या एका मित्राची प्रवेशिका बाद झाली. त्याच महिन्यात दुसऱ्या क्रमांकाच्या छायाचित्रातले आकाश उघडपणे बदललेले होते, कारण पक्ष्यावर ऊन डावीकडून येत होते आणि मावळता सूर्य उजवीकडे होता. तक्रार केल्यावर उत्तर आले की परीक्षण हा व्यक्तिनिष्ठ विषय आहे. हे उत्तर चुकीचे आहे. छायाचित्र आवडणे न आवडणे व्यक्तिनिष्ठ. आकाश बदलले आहे की नाही हे कॅमेऱ्यातली मूळ, संपादन न केलेली रॉ फाइल मागवून तपासता येते. फियाप, अमेरिकेची फोटोग्राफिक सोसायटी (पीएसए) आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी निसर्ग-छायाचित्राची एकच सामाईक व्याख्या स्वीकारलेली आहे, आणि तिच्यानुसार क्रॉप करण्याखेरीज, म्हणजे कडा कापण्याखेरीज, चित्रातील काही काढणे किंवा त्यात काही घालणे चालत नाही. ती व्याख्या नियमावलीत चिकटवली असती तर पिशवी आणि आकाश दोन्ही एकाच न्यायाने बाद झाले असते. मोठ्या स्पर्धाही यात पोळल्या आहेत. २०१५ साली वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत अंतिम फेरीच्या आधीच्या टप्प्यावर पोचलेल्या छायाचित्रांपैकी सुमारे २० टक्के संपादनातील फेरफारामुळे बाद करावी लागली होती. पण तिथे मूळ फाइली मागवल्या गेल्या, म्हणून ते कळले तरी.

मी आयोजकांना दूरध्वनी केला. पलीकडे बोलणाऱ्या ताईंनी अर्धा तास शांतपणे ऐकून घेतले, हे नमूद करायला हवे. बोलण्याच्या ओघात असे कळले की परीक्षक आपापल्या घरी, सवडीने आणि बहुतेकदा मोबाइलवर छायाचित्रे पाहतात. जुन्या क्लबांच्या परीक्षणात सर्व परीक्षक एका खोलीत एकाच पडद्यासमोर बसत, त्यामुळे पडदा वाईट असला तरी तो सर्वांनाच सारखा वाईट असे. आता एकाच्या मोबाइलची चमक पूर्ण वाढवलेली, दुसऱ्याने रात्रीचा पिवळा प्रकाश लावलेला, आणि त्यात २ एमबीची मर्यादा पाळण्यासाठी दाबलेली जेपीईजी. आजींच्या छायाचित्रात खिडकीची नक्षीदार चौकट काळोखात जेमतेम दिसते. ती ज्याला दिसली त्याने नऊ दिले आणि ज्याला नुसता काळा ठोकळा दिसला त्याने चार, असेही असू शकेल. मग ज्याला आम्ही महिनाभर रुचीचा भेद म्हणून चघळत होतो, तो कदाचित निव्वळ पडद्याचा भेद होता. ताईंना मी संगणकावरच परीक्षण व्हावे अशी विनंती केली. “सर, परीक्षक मानधन न घेता काम करतात, त्यांना अटी कशा घालणार?” असे त्यांनी विचारले, आणि माझ्याकडे लगेच उत्तर नव्हते.

परीक्षकांची नावे का सांगत नाही, या प्रश्नाला मात्र त्यांचे उत्तर तयार होते : लोक त्रास देतात. पुण्यात हे कारण हसण्यावारी नेता येत नाही. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या निकालावर भरत नाट्य मंदिराबाहेर किती भांडणे झाली असतील याची मोजदाद नाही, आणि २०२२ साली तर परीक्षकांनी करंडक कोणालाच द्यायचा नाही असे ठरवल्यावर सगळे शहर त्यावर बोलत होते. पण तो निर्णय कोणी घेतला हे सर्वांना ठाऊक होते, त्यामुळे जे भांडले ते एका ठाम मताशी भांडले. आमच्या मैत्रिणीला भांडायला समोर फक्त ‘परीक्षक २’ आहे.

एक प्रयोग केल्याचे कबूल करतो. मंडईच्या कमानीखाली पहाटे पोती उतरवणाऱ्या हमालांचे एक छायाचित्र मी ‘श्रम’ या विषयाला पाठवले होते. त्याला १५ गुण मिळाले. सात महिन्यांनी, नियमात मनाई नाही हे पाहून, तीच फाइल एका अक्षराचाही बदल न करता ‘माझे शहर’ या विषयाला पाठवली. परीक्षक तेच होते. या खेपेस २२ गुण मिळाले, क्रमांक सहावा. विषय बदलल्याने गुण बदलणे समजू शकते, परंतु दोन्ही वेळा परीक्षक ३ यांनी खूण केली होती ती ‘रचना’ या चौकटीत, पहिल्या खेपेस ३ गुणांसह आणि दुसऱ्या खेपेस ९ गुणांसह. रचना तर तीच होती.

नव्याने कॅमेरा हाती घेतलेल्यांनी या स्पर्धेत भाग घ्यावा का, असे मला विचारले जाते. दर महिन्याला एक विषय आणि ठरलेली तारीख यांच्या धाकाने माणूस घराबाहेर पडतो, आणि तेवढ्यासाठी १५० रुपये जास्त नाहीत. वार्षिक सभासदत्व मात्र घेऊ नये, कारण त्यातून मिळणारी एकमेव जादा गोष्ट म्हणजे वर्षाच्या एकत्रित क्रमवारीतील स्थान, आणि ते कसे ठरते ते वर लिहिले आहे. मी माझे सभासदत्व गेल्या महिन्यात संपू दिले. मैत्रिणीने तिचे चालू ठेवले आहे. आजींचे छायाचित्र तिने पुन्हा पाठवले आहे, या वेळी सावल्या थोड्या उजळून. आणि उजळल्यावर ते बिघडले आहे असे तिचेच मत आहे.