पोरांसाठी मराठी कादंबऱ्यांची पेटी: आठ महिन्यांनी काय टिकलं, काय तसंच परत आलं

गेल्या जूनमध्ये आमच्या चिंचवडच्या सोसायटीत आम्ही तिघींनी मिळून सहावी ते दहावीच्या पोरांसाठी कादंबऱ्यांची पेटी सुरू केली. पेटी म्हणजे खरोखरची पेटी, माझ्या सासूबाईंची लोखंडी ट्रंक, क्लब हाऊसमध्ये कॅरमबोर्डाच्या खाली असते आणि शनिवारी संध्याकाळी सहा ते सात उघडते. एक दोनशे पानी वही, तिला दोऱ्याने बांधलेलं पेन, बस. चौदा पोरं आहेत, त्यातली अकरा इंग्लिश मिडियमची, माझा आठवीतला लेक धरून. आता फेब्रुवारी संपत आला, परीक्षांमुळे पेटी महिनाभर बंद राहणार, म्हटलं तोवर अनुभव लिहून टाकावा, कारण "मुलांना काय वाचायला देऊ" हे मला आठवड्यातून दोनदा तरी कुणीतरी विचारतंच.

पहिली यादी मी एका रात्रीत केली होती आणि ती साफ चुकली. मी वयाप्रमाणे लावलं होतं, सहावीला हे, आठवीला ते, नववीला अमुक. ऑगस्टपर्यंत वहीत नोंदी भरपूर, मी खूश. मग एकदा परत आलेली पुस्तकं पुसून ठेवताना बघितलं तर एकात पान ११ वर बसचं तिकीट, दुसऱ्यात पान १४ वर चॉकलेटचा कागद, तिसऱ्यात तर काहीच नाही, नवीकोरी घडी. आणि विचारलं की सगळे "हो काकू, छान आहे."

लेकाला घरी बसवून एक पान मोठ्याने वाचायला लावलं आणि मोबाईलवर वेळ लावली. साडेचार मिनिटं! हाच मुलगा इंग्लिशमधली चारशे पानी कादंबरी रविवारच्या आत संपवतो, आणि इथे "दृष्टिक्षेप" शब्दाशी तीनदा अडखळला आणि मग माझ्याकडे असा बघितला की जणू मीच तो शब्द तिथे मुद्दाम ठेवलाय. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. या पोरांचं डोकं तेरा वर्षांचं आहे आणि मराठी वाचायचा वेग आठ वर्षांचा. वेगाला जमेल असं पुस्तक द्या तर त्यात ससा-कासव, ते त्यांना अपमान वाटतं. वयाला साजेसं द्या तर दहाव्या पानावर दमतात. आणि मधला कप्पा मराठीत इतका बारीक आहे की तो आपल्यालाच तीन ठिकाणाहून गोळा करून भरावा लागतो, थोडं जुन्यातलं, थोडं अनुवादातलं, थोडं मोठ्यांसाठी लिहिलेलं पण पोरांबद्दलचं.

तर सप्टेंबरपासून मी वय विचारणं बंद केलं. "मराठीतलं शेवटचं कुठलं पुस्तक सलग संपवलंस" एवढंच विचारते. बहुतेकांचं उत्तर "शाळेचं धरून का काकू?" असं असतं.

सगळ्यात जास्त फिरलं ते भा. रा. भागवतांचं फास्टर फेणे, यात नवल नाही. पण मला वाटलं होतं तसं ते लगेच नाही चाललं हां. पहिल्या पाचसहा पानांत पोरं म्हणाली हा घरी फोन का नाही करत, गूगल मॅप का नाही बघत. बनेश फेणे फुरसुंगीचा म्हटल्यावर तर एक जण "म्हणजे ते कचरा डेपोवालं?" मी कपाळाला हात लावला. पण एकदा का सायकल पळायला लागली आणि ते "ट्टॉक" आलं की मग कुणी मोबाईल विचारत नाही. पुस्तकं लहान, प्रसंग भराभर, आणि संपवल्याचा आनंद मिळतो, जो या पोरांना मराठीत कधी मिळालेलाच नसतो. सिनेमा बघितलेला असेल तर आधी सांगून टाका की पुस्तकातला फेणे शाळकरी पोरगा आहे, नाहीतर चार जण मला फसवल्यासारखे बघत होते. एक तक्रार, ऑनलाइन मागवलेल्या पुस्तकांत एका प्रतीत एक फर्मा दोनदा शिवलेला, म्हणजे ३३ ते ४८ पानं दोनदा आणि पुढची सोळा गायबच. दुकानाला तीन मेल केले, उत्तर नाही. शेवटी मीच दुसऱ्या प्रतीवरून झेरॉक्स काढून आत चिकटवली. आता पोरं तीच प्रत मागतात, "झेरॉक्सवाली द्या" म्हणून, का ते मला कळलेलं नाही.

दुसऱ्या नंबरला फेलूदा, सत्यजित राय यांचा गुप्तहेर, अशोक जैन यांच्या अनुवादात. माझ्या मते वेगाच्या प्रॉब्लेमवर हे सगळ्यात चांगलं औषध आहे, कारण निम्मं पुस्तक संवादात, गोष्ट सांगणारा तोपसे स्वतः शाळकरी, आणि फेलूदाचा लेखक मित्र जटायू आला की आपोआप हसू येतं. जैसलमेरच्या किल्ल्याची गोष्ट वाचून एका सहावीतल्याने घरी राजस्थानची ट्रिप काढायला लावली म्हणे. पण पाचव्या मजल्यावरची नववीतली मुलगी चार पुस्तकं लागोपाठ वाचून आली आणि पुस्तक पेटीत टाकत म्हणाली, "काकू, यात मुलीच नाहीयेत." मी म्हटलं असं कसं, आणि घरी येऊन चाळलं तर खरंच की हो. इतक्या वर्षांत मला एकदाही जाणवलं नव्हतं.

तिला मग शांता शेळक्यांचं चौघीजणी दिलं. ते जाडजूड आहे, चार बहिणींची गोष्ट, मूळ अमेरिकेतलं, १८६८ सालचं, आणि मला वाटलं ही काही वाचत नाही. पाच आठवडे ठेवलं. मधे लिफ्टमध्ये भेटली तेव्हा नमस्कार वगैरे काही नाही, थेट "ज्यो आणि एमी आता बोलणार का नाही एकमेकींशी?" मी म्हटलं वाच. सुचवण्यातली खरी मजा ती हीच, बाकी वहीतल्या नोंदी वगैरे ठीक आहे.

पाडसबद्दल जरा सावध. राम पटवर्धनांचा अनुवाद आहे, मूळ पुस्तकाला १९३९ चं पुलित्झर मिळालेलं, मराठी मला तरी अनुवाद वाटतच नाही इतकं मुरलेलं आहे, पण सुरुवात हळू आहे. फ्लोरिडाचं रान, ज्योडी नावाचा मुलगा, तो झऱ्यावर एक छोटी पाणचक्की करत बसतो आणि पानंच्या पानं जवळपास काही घडत नाही. दोघांनी सोडून दिलं. मग एका शनिवारी मी तेवढा पाणचक्कीचा भाग मोठ्याने वाचून दाखवला आणि पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली दोन विटांवर आइस्क्रीमच्या काड्यांची चक्की फिरत होती! पुस्तक त्यानंतर तिघांकडे गेलं आणि तिघांनीही शेवटपर्यंत वाचलं. शेवट मी सांगत नाही, पण हळव्या मुलाला देताना घरातल्या मोठ्यांनी आधी वाचलेलं बरं. एकाच्या आईचा रात्री दहाला फोन आला होता, "हा रडतोय, काय दिलंत त्याला?"

जयंत विष्णू नारळीकरांच्या वामन परत न आला कडून मला फार अपेक्षा नव्हती, म्हटलं जुने कॉम्प्युटर, पोरं हसतील. उलटंच झालं. जमिनीखाली सापडलेली पेटी, त्यातल्या माहितीवरून बनवलेला यंत्रमानव, आणि त्याला स्वतःसारखाच दुसरा बनवायचाय, हे वाचून दहावीतला एक जण तासभर एआयवर बोलत राहिला, सात वाजून गेले तरी ट्रंक बंद करू देईना. त्याला मग मी तो किस्सा सांगितला की १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली होती, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून बायकोकडून लिहून घेतली होती. त्यावर तो म्हणाला, "म्हणजे फेक अकाउंट."

वनवास. प्रकाश नारायण संतांचा लंपन मला जीव की प्राण आहे, म्हणून माझं मत जरा कमीच धरा. ही तशी कादंबरी नाही, एकाच मुलाच्या कथा आहेत. आणि कबूल करते, ती मी वेळेआधी दिली. सहावी-सातवीच्या पोरांना वाटलं यात काहीच होत नाही, मुलगा आजीकडे राहतो, फिरतो, विचार करतो. गडहिंग्लजची माझी भाची, मराठी माध्यमात नववीला, दिवाळीत आली होती, ती मात्र पोट धरून हसत होती. तिकडच्या बोलीत कन्नड मिसळलेलं असतंच, त्यामुळे लंपनचं बोलणं तिला शेजारच्या पोराचं वाटलं. पुस्तकाला चांगलं-वाईट म्हणण्याआधी वाचणारं पोर कुठलं हे बघावं लागतं, हे मला तिच्यामुळे कळलं.

तेच बनगरवाडीच्या बाबतीत. व्यंकटेश माडगूळकरांचं १९५५ चं पुस्तक, पातळसं, माणदेशातल्या धनगरवाडीवर आलेला तरुण मास्तर. आमच्या इंग्लिश मिडियमवाल्यांना बोलीच समजेना. पण वॉचमनकाकांचा मुलगा, आठवीतला, त्यांचं गाव आटपाडीकडे, म्हणजे माडगूळकरांच्याच मुलखातला. त्याने कारभाऱ्याचं बोलणं असं काही वाचून दाखवलं की बाकीचे गप्प. तोपर्यंत हा पोरगा ट्रंकेपासून दोन हात लांबच उभा असायचा. गावाने तालीम बांधायचं ठरवलं त्या भागापर्यंत तोच वाचत गेला, तीन शनिवार.

शाळा या कादंबरीविषयी विचारतातच, म्हणून सांगते. मिलिंद बोकील, २००४, नववीतल्या मुलाची गोष्ट, आणीबाणीचा काळ. मी नववीच्या खाली देत नाही, शिव्या आहेत आणि मुलामुलींचं आहे. एका वडिलांनी येऊन सांगितलं की हे असलं पेटीत नको. पुस्तक मात्र त्यांच्याच घरून तीन आठवडे परत आलं नाही, आणि आलं तेव्हा त्यात चष्म्याच्या दुकानाची पावती खुणेला होती.

बाकी थोडक्यात. तोत्तोचान सहावीला पटकन चालतं, रेल्वेच्या डब्यातली शाळा कुणाला नको असते. संगीता बर्व्यांची पियूची वही मुलींमध्ये फिरली, आणि एकीने स्वतःची वही सुरू केली, ती कुणाला दाखवत नाही. श्यामची आई कुणीच उचलली नाही, पोरांना वाटतं तो धडा आहे. आणि पैसे घालायच्या आधी बालभारतीच्या किशोर मासिकाचे १९७१ पासूनचे अंक ऑनलाइन फुकट आहेत ते बघा, एका बैठकीत संपणारी गोष्ट वाचून घ्यायला त्याच्यासारखं काही नाही.

लेकाचं पान आता दोन मिनिटांच्या आत होतं. "दृष्टिक्षेप" अजून आवडत नाही त्याला.

पेटी एप्रिलमध्ये परत उघडेल आणि पाचव्या मजल्यावरचीने माझ्याकडे ऑर्डर देऊन ठेवलीये: मूळ मराठीत, रहस्यकथा, शोध लावणारी मुलगी, दोनशे पानांच्या आत, आणि शेवटी तिला कुठल्या दादाने येऊन वाचवलेलं चालणार नाही. मी दोन दुकानं पालथी घातली, अजून हाताला लागलेलं नाही. कुणाला माहीत असेल तर खरंच सांगा, मुलगी दर शनिवारी विचारते.