कामठीच्या लिलावातलं ‘इंग्लिश’ इंजिन

पंच्याऐंशी हजार. रोख, दोन हप्त्यांत. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी सांगायला मला चार महिने लागले.

माझ्याकडे बुलेटची एक जुनी फ्रेम पडून होती, तिच्यासाठी ३५०चं इंजिन शोधत होतो. कामठी रोडकडच्या एकाने निरोप धाडला : रेडिचचं आहे, अस्सल इंग्लंडचं, मिलिटरीच्या लिलावातलं. रेडिच म्हणजे रॉयल एनफील्डचा मूळ कारखाना जिथे होता, ते इंग्लंडमधलं गाव. आता कामठीला छावणी आहेच. सैन्याने पन्नाशीच्या दशकात इंग्लंडहून ३५०च्या आठशे बुलेट मागवल्या होत्या, हेही खरं. त्यामुळे मी तिथेच अर्धा पटलो.

इंजिनावर अॅमलचा कार्बोरेटर, ‘मेड इन इंग्लंड’ कोरलेला. तो पाहून मी विरघळलो. दोन नट सोडले की कार्बोरेटर या इंजिनावरून त्या इंजिनावर जातो, एवढं साधं तेव्हा सुचलं नाही. वर लिलावाची पावती, पिवळी पडलेली, १९५८ची. खाली रबरी शिक्का : नागपूर, महाराष्ट्र राज्य.

उभी नोकरी मी सरकारी कार्यालयात दुसऱ्यांचे कागद तपासण्यात घालवली. १९५८ साली नागपूर मुंबई राज्यात होतं, महाराष्ट्र झाला १ मे १९६०ला. हे मला दिसलं, पण पैसे देऊन झाल्यावर, रात्री जेवताना.

दुसऱ्या दिवशी इंजिन गणेशपेठेतल्या मिस्त्रींकडे नेलं. त्यांनी सिलिंडरखालची नंबराची जागा पेट्रोलने, ब्रशने धुतली आणि टॉर्च आडवा धरला. आडवा, हे महत्त्वाचं. समोरून उजेड टाकला की काही दिसत नाही.

“साहेब, सारी केस पाहा कशी खरबरीत आहे. अन् इथंच काहून गुळगुळीत हो?”

केस म्हणजे इंजिनाचं धातूचं कवच. बोट फिरवलं तर अंगठ्याएवढी जागा किंचित खोल लागली. कानशीने घासून नवा नंबर ठोकलेला. आकड्यांच्या कडा नखाला लागत होत्या. आकडे वाकडे होते, पण त्यावर जाऊ नका. तेव्हा नंबर हातानेच ठोकायचे, खरेही वाकडे असतात.

मग मिस्त्रींनी टायमिंग कव्हरचा एक स्क्रू काढला, डब्यातून सहा एमएमचा नवा बोल्ट घेतला आणि त्या भोकात बोटांनी फिरवला. तो पार तळापर्यंत गेला, जरासुद्धा न हलता. रेडिचच्या कारखान्यात त्या काळी इंची आटे. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, त्यात सहाचा बोल्ट डुगडुगायला हवा.

“बोल्ट कोणीबी बदलते. केसमधली चुडी कशी बदलन?”

म्हणजे केस मद्रासची, तीही बरीच नंतरची. मद्रासला एनफील्ड इंडिया निघाली १९५५ मध्ये. आधी सुटे भाग इंग्लंडहून यायचे आणि इथे जोडले जायचे, १९६२च्या सुमारास सगळे इथेच बनू लागले. मधल्या वर्षांतल्या इंजिनाचं गोत्र सांगणं खरोखर अवघड, आणि विकणारे नेमकं त्याच वर्षांचं नाव घेतात. मद्रासच्या इंजिनात वाईट काही नाही. पण त्याचे मी पंच्याऐंशी हजार दिले नसते.

रेडिचच्या कारखान्याच्या नोंदवह्या इंग्लंडमधल्या रॉयल एनफील्ड मालकांच्या क्लबकडे आहेत. नंबर कळवला की गाडी कोणत्या मॉडेलची, कधी कारखान्याबाहेर पडली, ते शोधून देतात. मी नंतर विचारलं. माझा नंबर खराच निघाला, फक्त दुसऱ्याच मॉडेलचा. तेव्हा आधी नंबराचा फोटो मागा, चौकशी करा, मगच पैशाचं बोला. विकणारा ‘आज घ्या, उद्या पुण्याची पार्टी येतेय’ म्हणाला तर पुण्याच्या पार्टीला घेऊ द्या.

खरी धास्ती वेगळीच आहे. घासलेला नंबर म्हणजे इंजिन चोरीचं असू शकतं. ठोकताना आकड्याखालचा धातू दबतो, म्हणून वरचं घासलं तरी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायन लावून जुना आकडा बरेचदा उमटवता येतो. मी पोलिसांत अर्ज दिला आहे. इंजिन आरटीओच्या पुस्तकात चढवण्याचा तर प्रश्नच नाही.

त्या माणसाने फोन एकदाच उचलला. म्हणाला, “इंजिन चालू तर होते ना, भाऊ?”

होतं. दुसऱ्या किकला.